चार्जिंगचा फोन उशीखाली: भीती खरी की उगाच?

मागवाला (अशोक चौक): परवा पहाटे चारला करपल्याच्या वासानं जाग आली. वाटलं, शेजारी दूध उतू गेलं. बघतो तर पोरगा डोक्यावरून सोलापुरी चादर ओढून गाढ झोपलेला, फोन चार्जिंगला, तोही उशीखाली. पॉलिस्टरच्या अभ्र्याला पिनेपाशी रुपयाएवढा तपकिरी डाग, कडा वितळून टणक झालेल्या. पिन हातात धरवेना. त्या दिवसापासून घरात अंथरुणात चार्जिंग बंद. पोरगा म्हणतो, "पप्पा, तुम्ही लई घाबरता." तुम्हाला काय वाटतं?

जुळे सोलापूरकर: पोरगा बरोबर बोलतोय की ओ. बॅटरी भरली की फोन आपणहून करंट घेणं थांबवतो, तापला तर चार्जिंग हळू करतो. मी आठ वर्षं उशाशी फोन लावूनच झोपतोय. डाग पिनेपाशी पडला म्हणजे दोष केबलचा. नवी पेठेतली दीडशेची घेतली असणार!

मागवाला: दीडशेची नाही, ऐंशीची.

जुळे सोलापूरकर: मग काय बे! ऐंशीच्या केबलची शिक्षा पोराला?

रिपेरीवाला: मी रोज फोन उघडतो म्हणून मधे पडतो. केबलचं बरोबर, पण अर्धंच. फोनला पंखा नसतो, आतली उष्णता पाठीतून नि काचेतून बाहेर जाते. खाली गादी, वर उशी, त्यावर जाड सुती चादर, मग ती जाणार कुठं? लिथियम-आयन बॅटरीत दोन बाजूंच्या मधे पातळ पडदा असतो. तो फाटला की आतच शॉर्ट होतो, आणि एकदा ती स्वतःच्या उष्णतेनं तापत सुटली की चार्जर काढूनही थांबत नाही. 2016 मध्ये सॅमसंगला गॅलॅक्सी नोट 7 बाजारातून परत घ्यावा लागला तो बॅटरीतल्या दोषामुळं, तिथं स्वस्त केबलचा संबंध नव्हता. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेले फोन गिऱ्हाईक आणतात नि म्हणतात, "चालू तर आहे की!" असला फोन घेऊन झोपणाऱ्याला मी हात जोडतो. ॲपल तर स्वतःच सांगते की चार्जिंगला लावलेला फोन उशी-पांघरुणाखाली ठेवू नका, आणि 0 ते 35 अंशांतच वापरा. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत रात्री भिंतीला पाठ टेकवत नाही, तिथले 35 कुठले?

निसर्गप्रेमी: आगीचं सोडा, रेडिएशनचं कोण बोलणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2011 मध्येच मोबाईलच्या लहरींना संशयित यादीत टाकलंय.

रिपेरीवाला: टाकलंय, 2ब गटात. म्हणजे कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही, सिद्धही झालेली नाही. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. परसातली कोरफड उपटणार का?

निसर्गप्रेमी: चेष्टा करा. मी फोन फ्लाइट मोडवर टाकूनच झोपणार.

रातपाळी: तुम्ही सगळे मोठ्या घरातले दिसता. आमची एक खोली, प्लग एकच, तोही खाटेमागं. सासरे आजारी, दीर पुण्याला, रात्री कधीही फोन येतो. तो बंद ठेवून चालत नाही, लांब ठेवून ऐकू येत नाही. संध्याकाळी चार्जिंग करा म्हणाल, तर तेव्हा पोरगी त्याच्यावर अभ्यास करते.

रिपेरीवाला: ताई, मग एक्स्टेंशन बोर्ड घ्या, आयएसआय मार्कचा, आणि फोन खाटेवर न घेता खाली फरशीवर ठेवा, उघडा. रिंग मोठी करा.

जुळे सोलापूरकर: एवढं पटलं. माझा मात्र उशाशीच राहणार. उशीखाली नाही, बास.

मागवाला: आमच्याकडं आता स्टीलच्या ताटात ठेवतोय, खाटेपासून दोन हात लांब. पहाटे साडेपाचचा गजर झाला की व्हायब्रेशननं ताट खणखणतं. पोरगा उठत नाही, शेजारचे काका उठतात.