मदत हवी आहे: इंग्लंडच्या सफोकमधलं जुनं लाकडी घर, भिंतीला ओल

इप्सविचकर: लॅव्हनमजवळ ओकच्या सांगाड्याचं जुनं कॉटेज घेतलंय. पश्चिमेच्या भिंतीला खालून कंबरेपर्यंत ओल आहे, जोत्यावरच्या आडव्या तुळईत स्क्रूड्रायव्हर सहज घुसतो. बिल्डर म्हणतो ओल वर चढू नये म्हणून भिंतीत केमिकल इंजेक्शन मारू, आतून वॉटरप्रूफ सिमेंट प्लास्टर करू. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. हो की नाही, एवढंच सांगा.

लीड्सवाले काका: आम्ही मारलं इंजेक्शन. आजतागायत ओल नाही. बिनधास्त करा.

चुनखडी: काका, तुमचं घर विटांचं असणार. इथे सगळा भार लाकडावर आहे. इप्सविचकर, बाहेरून गिलावा कशाचा आहे? लिस्टेड आहे का?

इप्सविचकर: बाहेरून गुलाबी आहे. लिस्टेड म्हणजे जतन करायच्या वास्तूंची सरकारी यादी ना? वकिलाने ग्रेड टू की काहीतरी सांगितलं होतं. त्याचा ओलीशी काय संबंध?

चुनखडी: आहे. कौन्सिलच्या संमतीशिवाय घराचं रूप बदलणारं काम केलंत तर १९९० च्या कायद्याने तो गुन्हा आहे. दंड होतो, दोन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. आधी कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, मेल टाका. आणि गुलाबी हा रंग झाला, मी गिलावा विचारला.

डेकखालचा: तुळयांना रिकाम्या खाचा आहेत का? असतील तर मोडलेल्या जहाजाचं लाकूड आहे. भारी नशीब!

पाटाई: जहाजाची दंतकथा तिथे गावोगावी ऐकू येते. रिकामी खाच म्हणजे बहुधा काढून टाकलेली आडभिंत, नाहीतर दुसऱ्या घरातून आणलेली तुळई. आणि कृपा करून तुळया काळ्या रंगवू नका. ती काळी-पांढरी हौस बरीचशी व्हिक्टोरियन काळातली. ओक तसाच करडा होऊ द्यायचा.

इप्सविचकर: रंगाचं कोणी विचारलंय? गिलाव्याचा एक टवका काढून पाहिला. करडा, टणक, आत कोंबडीजाळी. मागे माती आणि सालासकट काठ्या, ओल्याकिच्च.

मालवणी खाजा: अरे, हो तर आमचो कुड! आजोळी कारवीच्या काठ्यांवर शेण-माती लिंपायचे. तिथे हेझलच्या काठ्या, मातीत चिरलेला पेंढा आणि शेण. वरून चुना.

चुनखडी: मिळालं उत्तर. जाळीवरचा तो टणक गिलावा म्हणजे सिमेंट. भेगेतून पाणी आत जातं, बाहेर वाळत नाही, मग खाली तुळईवर साचतं. आतूनही सिमेंट मारलंत तर लाकूड दोन्हीकडून कोंडलं. बाहेर जमीन कुठवर आली आहे? जोतं दिसतं का?

इप्सविचकर: नाही. फुलांचा वाफा भिंतीला टेकलाय.

चुनखडी: वाफा आधी काढा, जोतं उघडं पडू दे. त्याला इंजेक्शन लागत नाही.

लीड्सवाले काका: सिमेंट काढून सगळं चुन्याने करायचं तर खर्च किती? बिल्डरला पोट आहे की नाही?

पाटाई: तुळई कुजली असेल तर तेवढाच भाग कापून नव्या ओकचा सांधा देतात, अख्खी बदलत नाहीत. विल्यम मॉरिसने १८७७ साली काढलेली एसपीएबी ही संस्था जुन्या घरांबद्दल सल्ला देते, त्यांना विचारा. चुन्याचं काम मात्र थंडीत नको. पारा पाचच्या खाली गेला की चुना नीट बसत नाही.

इप्सविचकर: म्हणजे वसंतापर्यंत थांबायचं? बायको माहेरी जाईल! बरं, बिल्डरला नाही कळवतो. तोवर भिंत अशीच ठेवू?

डेकखालचा: खाचांचा फोटो टाका ना.

चुनखडी: छपराच्या पन्हाळीचा पाइप कुठे उतरतो? त्याच भिंतीवर का?