पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून मुलांना जुने कागद द्यायचे म्हणे!

डिचोलीचो मास्तर
काल एका इतिहासप्रेमी गृहस्थांची पोस्ट वाचली आणि चहा गार झाला. अभिलेखागारांतली कागदपत्रं आता ऑनलाइन आहेत, लिस्बनच्या तोर्रे दु तोंबू या पोर्तुगालच्या राष्ट्रीय अभिलेखागारातलीसुद्धा घरबसल्या दिसतात, तेव्हा मुलांना थेट मूळ साधनंच द्यावीत. न देणारे शिक्षक आळशी.

आळशी! गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी पोर्तुगीज काळातल्या सरकारी राजपत्राचं पान पडद्यावर लावलं. तास पस्तीस मिनिटांचा. दहा मिनिटं नेट फिरत बसलं, मग पान उघडलं. पोर्तुगीज ना मला येत, ना पोरांना. भाषांतराच्या अ‍ॅपने काहीतरी बरळायला सुरुवात केली तोच वीज गेली. पोरांना एवढंच कळलं की जुना कागद पिवळा असतो.

फोंड्याची बाई
आळशी म्हणणं चूकच. पण मास्तर, पोर्तुगीज कागदच घ्या असं कुणी सांगितलं होतं? 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल घ्या, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा याचा. पुस्तकात दोन ओळींत उरकतो. मी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं एक कात्रण दाखवलं. एका मुलाने विचारलं, "बाई, हें कोणें कातरलां?" कडा छाटलेल्या, तारीख नाही, वर्तमानपत्राचं नाव नाही. मला उत्तर देता येईना. पुढच्या खेपेला सासऱ्यांच्या पेटीतले वाळवीने कुरतडलेले अख्खे अंक फोनवर स्कॅन केले. एका बाजूला विलीनीकरणवादी 'गोमन्तक', दुसऱ्या बाजूला विरोधातला 'राष्ट्रमत'. मुलं म्हणाली, बाई, दोन्ही मराठीच, मग भांडण कोणाचं? तो तास मी कधी विसरणार नाही.

पेडणेकर
आलात मूळपदावर! म्हणजे मराठीतूनच विलीनीकरणाला विरोध झाला, हे पोरांच्या मनावर ठसवायचं. फुलावर, म्हणजे विलीनीकरणाच्या चिन्हावर, शिक्का मारणारे 1,38,170 लोक होते, त्यांचं काय? माझी आजी पहाटे उठून तीन मैल चालत केंद्रावर गेली होती.

मडगांवकार
आणि तुमची बाजू 34,021 मतांनी हरली. साठ वर्षं होत आली, अजून तेच दळण. माझ्या आजीने दोन पानांवर, म्हणजे वेगळ्या गोव्याच्या चिन्हावर, शिक्का मारला आणि घरी येऊन खतखतं केलं. ते नाही सांगत मी कुणाला.

पेडणेकर
आत्ताच सांगितलंत की! आणि 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणीला राजभाषा करून मराठीला नुसत्या सरकारी वापरावर गुंडाळलं, तेसुद्धा दाखवा पडद्यावर. कायद्याचा मजकूर नेटवर आहे.

मडगांवकार
दाखवा ना! आणि घरी कोकणी बोलून बाहेर मराठीचा झेंडा कोण फडकवतो, तेही विचारा पोरांना.

डिचोलीचो मास्तर
बघा! मोठ्या माणसांच्या हातात दोन कात्रणं दिली तर हे होतं. माझ्या वर्गात बेचाळीस पोरं आहेत.

वाळपयची
तुमचं चालू द्या. मी मूळ साधन म्हणून एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा घेतला. सर्व्हे नंबर टाकला की मिळतो, मुलांना वाचता येतो, फुकट शहाणपण लागत नाही. एका मुलीने स्वतःच्या घराचा काढला. कब्जेदाराच्या रकान्यात भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, नाव. इतर हक्कांचा रकाना कोरा. तीन पिढ्या तिथे राहतात. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, म्हणजे मुंडकारांना, संरक्षण देणारा कायदा 1975 चा, आणि कागदावर ही माणसं नाहीतच! मुलगी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिचा बाप शाळेत हजर: "टीचर, हें कित्याक उकरून काडलें?" तेव्हापासून मी तो धडा बंद केला. आमचं स्वतःचं मुंडकारपणाचं प्रकरण तर अजून तारखांवर तारखा खातंय, त्याबद्दल बोलायलाच नको.

फोंड्याची बाई
बंद का केलात? आख्ख्या धाग्यात खरं साधन तेवढंच आलं. त्या मुलीला कूळ-मुंडकार हा विषय आता कुणी शिकवायला नको.

वाळपयची
तो बाप तुमच्या दारात आला असता तर कळलं असतं.

डिचोलीचो मास्तर
मुद्दा हाच आहे हो. कागद दाखवणं सोपं, पण नंतर वर्गात उभं कोण राहणार? पोस्ट लिहिणारे गृहस्थ तर नाहीच नाहीत.

आणि बाई, मान्य, राजपत्र निवडण्यात माझंच चुकलं. जनमत कौलाचे ते अंक पाठवा. अख्खी पानं, तारखेसकट. आमच्याकडे मोठी फाइल उघडत नाही, तेव्हा चार एमबीच्या आत. पेडणेकर आणि मडगांवकार यांनी आपापल्या आज्या कृपया सोबत जोडू नयेत.

मडगांवकार
माझ्या आजीचा आवाज रेकॉर्ड केलेला आहे. दोन एमबी.

पेडणेकर
मग माझ्या आजीचाही घ्यावा लागेल.