एलिक्सरमध्ये प्रोसेस लाखांनी चालतात म्हणे, मग माझा एकच जेनसर्व्हर का तुंबतो?

पलासिया_कोडर:
मंडळी, इंदूरच्या एका डिलिव्हरी ॲपवर आहे, आधी जावा होतं आता एलिक्सर. प्रत्येक रायडरला वेगळी प्रोसेस (एलिक्सरची हलकी, ओएसची नव्हे) दिलीय, ते मस्त चालतंय, पण सगळ्यांचं लोकेशन एकाच ट्रॅकर जेनसर्व्हरकडे (मेसेज घेऊन उत्तर देणारी प्रोसेस) जातं आणि वाचायचं पण त्याच्याकडूनच. संध्याकाळी छप्पन दुकानकडच्या ऑर्डरी वाढल्या की टाइमआउट सुरू, मेमरी चढत जाते, आणि बघावं तर एकच कोर तापलेला, बाकीचे निवांत. लॉक तर कुठेच नाहीये! टीममधले म्हणतात टाइमआउट वाढव.

सराफा_रात्री_बारा:
नको वाढवू भिया. लॉक नाही लावलास पण रांग लावलीस. सराफ्यात भुट्ट्याचा कीस देणारा एकच असेल तर गिऱ्हाईकं शंभर येवोत नाहीतर हजार, हात दोनच. प्रोसेस एका वेळी एकच मेसेज घेते, बाकीचे मेलबॉक्समध्ये पडून, आणि मेलबॉक्सला मर्यादा नसते. खरी गंमत पुढे आहे: कॉल (उत्तराची वाट बघणारी विनंती) डिफॉल्टने ५००० मिलिसेकंद थांबतो मग विचारणारा निघून जातो, पण त्याचा मेसेज रांगेतच राहतो, ट्रॅकर बिचारा तोही इमानदारीत करतो, आणि तुमच्याकडे रीट्राय असेल तर तोवर तीच विनंती परत आलेली असते. प्रोसेस डॉट इन्फोला मेसेज_क्यू_लेन (रांगेची लांबी) विचारून बघ.

जिरावन_जास्त:
कॉलच्या जागी कास्ट (मेसेज टाकायचा, उत्तराची वाट नाही) कर ना, विषय संपला.

सराफा_रात्री_बारा:
संपला नाही, वाढला. कॉलमध्ये पाठवणारा निदान थांबतो तरी, कास्टमध्ये तो ओततच राहणार. वाचणं ईटीएस टेबलमधून (मेमरीतलं टेबल, सगळ्या प्रोसेस थेट वाचू शकतात) करा, लिहिणंही प्रत्येक रायडरची प्रोसेस स्वतःच करू दे, टेबल पब्लिक (कुणीही लिहू शकेल असं) ठेवलं की झालं. ट्रॅकर मध्ये लागतोच कशाला?

बीमवाला_काका:
बरोबर. बाकी रायडर अडकत नाहीत कारण बीम (एलिक्सर आणि अर्लँग दोन्ही चालवणारं व्हीएम) प्रत्येक प्रोसेसला साधारण ४००० रिडक्शन (कामाचं माप, ढोबळमानाने एक फंक्शन कॉल) देतं आणि मग दुसरीला चान्स. सुरुवातीला प्रोसेसला दोन-तीन केबी पुरतात, हीप (मेमरी) आपापला, जीसी (नको ती मेमरी साफ करणं) आपापला. एरिक्सनमध्ये १९८० च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी अर्लँग बनली तेव्हापासून हाच हिशेब, एक फोन कॉल पडला तर बाकीचे चालू राहिले पाहिजेत. मेमरीचं अजून एक बघ. मेसेज कॉपी होतो, पण ६४ बाइटपेक्षा मोठी बायनरी (स्ट्रिंग वगैरेचे बाइट) कॉपी होत नाही, फक्त रेफरन्स जातो. मोठ्या जेसनमधून छोटा तुकडा कापून स्टेटमध्ये ठेवलास तर अख्खं जेसन मेमरीत अडकून बसतं. बायनरी डॉट कॉपी मार.

पलासिया_कोडर:
क्यू_लेन बघितली, हजारांत आहे 😅 ईटीएस करतो. पण टेबल ट्रॅकरनेच बनवलं आणि तो क्रॅश झाला तर?

बीमवाला_काका:
मालक मेला की टेबल पण गेलं, आणि मेलबॉक्स तर जातोच, सुपरवायझर (प्रोसेसवर लक्ष ठेवणारी प्रोसेस) नवीन प्रोसेस उभी करतो पण रिकामी. म्हणून टेबल अशा प्रोसेसकडे दे जी दुसरं काहीच करत नाही, नाहीतर एअर (heir, म्हणजे टेबलाचा वारस) ऑप्शन लाव.