पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या बॅगेत काय ठेवायचं, काय घरी टाकायचं?

फोंडेकर_क्लिक
नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा, कामाला वेर्ण्याला जातो आणि रविवार तेवढा हातात असतो. मागच्या दिवाळीला ओळखीच्या एकाकडून सेकंडहँड निकॉन डी७५०० घेतला, सोबत १८-१४० आणि ७०-३०० अशा दोन लेन्स. शिगमो, जत्रा, मंगेशीची दीपमाळ सगळं मजेत झालं, पण आता पहिलाच पावसाळा आणि माझी जरा तंतरली आहे. बॅग काल काट्यावर ठेवली तर साडेसहा किलो भरली, आई म्हणते फोटो काढायला चाललास की बिऱ्हाड हलवतोयस. ऑनलाइन ३० वस्तूंचं किट स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं होतं ते अख्खं त्यात आहे, त्यातल्या अर्ध्या वस्तू कशासाठी तेच मला अजून कळलेलं नाही. आणि एवढं ओझं असून वेळेला पाहिजे ती वस्तू नसतेच, परवा पुसायला कपडा नव्हता तर शर्टाने लेन्स पुसली (हो माहितीय, ओरडू नका).

७०-३०० च्या आत काठाला कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक काहीतरी दिसतं, ते काय असावं?

आषाढ द्वादशीला माशेलचा चिखलकाला (देवळासमोर पोरं चिखलात खेळतात तो) करायचाय, मग चोडणचं पक्षी अभयारण्य, आणि जमलं तर तांबडी सुर्ल्याचं देऊळ. तुम्ही लोक रोज खरोखर काय वापरता ते सांगा, यूट्यूबवाल्यांची यादी नको.

चोडणकर
जाळं म्हणजे बुरशीच, म्हणजे फंगस. लेन्स आधी बाकीच्यांपासून वेगळी ठेव आणि एखाद्या चांगल्या रिपेअरवाल्याला दाखव, काठावरच असेल तर साफ होते, पण जास्त दिवस राहिली तर काचेवरचा लेप, म्हणजे कोटिंग, खाते आणि मग डाग कायमचा.

पावसाची भीती सगळ्यांनाच वाटते, पण आपल्याकडे कॅमेरे मरतात ते दमट हवेने आणि खाऱ्याने. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण, आणि आपल्याकडे जुलैत ती ९० च्या आसपास. त्यामुळे पहिली खरेदी बॅगेसाठी नाहीच, घरासाठी कर. रबर लावलेल्या झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, तो काही शे रुपयांत मिळतो. काटा ४० ते ५० मध्ये ठेवायचा, फार खाली नेऊ नको, रबर आणि ग्रीस सुकतं. सिलिका जेल नारिंगी दाण्यांचं घे, ओलं झालं की हिरवट होतं म्हणजे तुला कळेल. मग ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला दोनेक तास, परत नारिंगी. मी जुन्या कढईत मंद आचेवर करतो, पण ती कढई परत स्वयंपाकाला नाही हां, त्यावरून आमच्याकडे महाभारत झालेलं आहे. बॅगेत पुड्या टाकून मात्र फारसा उपयोग नाही, बॅग हवाबंद नसते त्यामुळे पुडी एक-दोन दिवसांत पाणी पिऊन गप्प बसते. आणि तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवू नको, पीठ जातं आत.

आता बॅग. रबरी फुंकणी, म्हणजे रॉकेट ब्लोअर, मोठ्या आकाराची. तुझ्या किटात असेल ती बोटाएवढी असेल, तिने डास पण उडत नाही. दोन मायक्रोफायबर कपडे वेगवेगळ्या झिपच्या पिशवीत, एक फक्त काचेसाठी आणि दुसरा बॉडीसाठी, ते कधी मिसळायचे नाहीत. क्रम महत्त्वाचा, आधी फुंकणी, मग ब्रश, मग कपडा. वाळू काचेवर असताना कपडा फिरवलास तर तो कपडा नाही, पॉलिश पेपर. रायबंदरच्या फेरीबोटीवरून येताना किंवा मिरामारला उभा राहिलास की खाऱ्या तुषारांचा बारीक थर बसतोच, घरी आल्यावर गोड्या पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या कपड्याने बॉडी पुसायची आणि लगेच कोरड्याने. ट्रायपॉडचे पाय वाळूत गेले असतील तर ते सरळ नळाखाली.

आणि एसी. एसी गाडीतून कॅमेरा काढून एकदम बाहेर आणला की काचेवर, कधीकधी आतही, दव धरतं. मी बॅग डिकीत ठेवतो, थंड हवेत ठेवतच नाही. नाइलाज असेल तर गाडीतच झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास पिशवी उघडायची नाही, दव पिशवीवर धरतं, कॅमेऱ्यावर नाही. लोक घाईत कपड्याने पुसत बसतात, पुसलं की परत धरतं.

लग्नवाला_मडगाव
वरच्यांनी बरोबर सांगितलं पण ते पक्ष्यांवाले, आमची बॅग वेगळी. माझ्या बॅगेत सगळ्यात जास्त वापर कशाचा होत असेल तर काळ्या कापडी टेपचा. गॅफर टेप. साधी चिकटपट्टी नव्हे, ती डिंक सोडते. अख्खं रीळ कशाला, जुन्या एटीएम कार्डावर दोन मीटर गुंडाळून ठेव, वजन काहीच नाही. वायर जमिनीला चिकटव, ढिलं झालेलं बॅटरीचं झाकण धर, फ्लॅशला कागद लाव, एकदा तर नवरदेवाच्या बुटाचा तळवा सुटला होता तो पण याच टेपने विधी संपेपर्यंत धरला.

मग एलन की, म्हणजे तो सहाकोनी पाना. ट्रायपॉडच्या प्लेटचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला लागते तिचा, स्क्रू पाव इंची असतो आणि ती प्लेट ऐनवेळी फिरायला लागते, तिला कुठली की लागते ती घरी बघून तेवढी एकच ठेव. काही प्लेटांना खाच असते त्यांना नाणं चालतं. माझी फजिती सांगतो, एका मोठ्या हॉलमध्ये मुहूर्ताला दहा मिनिटं, ट्रायपॉड उभा केला आणि बघतो तर प्लेट दुसऱ्या कॅमेऱ्याला लावून घरी. खुर्चीवर दोन तांदळाच्या पिशव्या रचून त्यावर कॅमेरा ठेवला, व्हिडिओ बरा आला पण भटजींनी मला पूर्ण वेळ असं बघितलं की मी अक्षता चोरतोय. तेव्हापासून एक जादा प्लेट कायम बॅगेत, पन्नास ग्रॅम पण नसेल.

बॅटऱ्यांवर मार्करने १, २, ३ आकडे घाल. कुठली लवकर बसते ते आपोआप कळतं. भरलेली असेल तर रबरबँड लावायचा, वापरली की काढायचा, मग अंधारात बोटांनी पण समजतं. तुझ्या डी७५०० ला कार्डाचा खण एकच आहे, त्यामुळे १२८ जीबीचं एक घेण्यापेक्षा ६४ ची दोन घे, एक मेलं तर अर्धा दिवस तरी वाचतो. वापरलेलं कार्ड डबीत उलटं ठेवायचं, लेबल खाली, आणि फॉरमॅट कायम कॅमेऱ्यातच. फ्लॅशला रिचार्जेबल एए सेल, चारचे दोन सेट.

विमानाने जाणार असलास तर पॉवरबँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनला नाही. चाकू असलेलं मल्टिटूल मात्र उलट, ते चेक-इनला. दाबोळीला एकदा माझं छान मल्टिटूल सुरक्षा तपासणीत गेलं, अजून जीव हळहळतो.

बेडूकप्रेमी
मी पावसात फक्त रात्रीच बाहेर पडतो, चोर्ला घाटाच्या बाजूला, बेडूक आणि साप. मलबार ग्लायडिंग फ्रॉग पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो तो बघायला मिळाला की बाकी सगळं विसरायला होतं. माझ्या मते बॅगेतली पहिल्या नंबरची वस्तू हेडलॅम्प, लाल उजेडाची सोय असलेला. दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाय कुठे टाकतोय ते दिसतं, कारण मलबार पिट वायपर झुडपात कमरेच्या उंचीला पण बसलेला असतो आणि विषारी आहे, फोटोच्या नादात हात टेकवायची सवय असेल तर सोड. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी आणि सोबत माहीतगार माणूस हवाच, एकटं जायचं नाही.

जळवांसाठी लीच सॉक्स, गुडघ्यापर्यंतचे. मीठ टाकायची आपली जुनी सवय असते पण बॅगेत मिठाची पुडी फुटली तर लेन्सचं काय होईल याचा विचार कर, मी ठेवत नाही. फ्लॅशसाठी डिफ्युजर विकत घेऊ नको, नव्या टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा पातळ फोमचा कागद दोन घड्या करून रबरबँडने लावायचा, उजेड इतका मऊ पडतो की बेडकाच्या ओल्या अंगावर फ्लॅशचा पांढरा ठिपका येत नाही.

पावसाचं कव्हर महागाचं घेऊ नको. हॉटेलात मिळते ती आंघोळीची टोपी, तीन-चार जमवून ठेव, बॉडीवर चपखल बसते. आणि कचऱ्याची मोठी काळी पिशवी एक, ती बॅगेवर चढते, खाली अंथरून गुडघे टेकता येतात, आणि अगदीच कोसळायला लागला तर स्वतःवर. आणखी एक सीपीएल फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायची पोलरायझर काच, हा मात्र चांगल्यातला घे. ओल्या पानांवरची चकाकी कापतो आणि हिरवा रंग हिरवा दिसतो, तांबडी सुर्ल्याला देवळामागचं रान पावसात काढशील तेव्हा कळेल. दीड-दोन स्टॉप उजेड खातो, म्हणजे तिसरा-चौथा हिस्साच उरतो, हे लक्षात ठेव.

चोडणकर
सीपीएल ला माझा पण हात वर. त्यात भर म्हणजे समुद्राजवळ साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची साधी काच, कायम लावून ठेव, खारं पाणी त्याच्यावर बसू दे.

लग्नवाला_मडगाव
चोडणकर बाब, इथे आपलं जमणार नाही. देवळात समया, दीपमाळ पेटलेली असते तेव्हा यूव्ही फिल्टर लावलेला असला की प्रत्येक ज्योतीचं एक हिरवट भूत फोटोत दुसऱ्या बाजूला दिसतं. मी तरी काढून फेकला. पुढे हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाची ती प्लास्टिकची झालर, लाव, ठेचपण वाचते, पाऊसपण थोडा अडतो.

चोडणकर
फेकायचा कशाला, समुद्रावर लावायचा आणि देवळात काढून खिशात टाकायचा. एवढं काय.

लग्नवाला_मडगाव
तो खिशातलाच मग हरवतो ना. पाच हरवलेत.

साखळीची_पोर
एक राहिलं, कोणी म्हणालं नाही म्हणून. कॅमेऱ्याच्या बॅगेसारखी दिसणारी बॅग घेऊ नको, मी साध्या कॉलेजच्या सॅकमध्ये फोमचे कप्पे घालून नेते. आणि जुन्या गोव्याच्या चर्चना वगैरे, पुरातत्व खात्याच्या ताब्यातल्या जागी ट्रायपॉड उघडायला परवानगी लागते, उगाच दोन किलो घेऊन जाऊन परत आणू नको. तिथे मी भिंतीला टेकून दोन सेकंदांच्या टायमरवर काढते. तांबडी सुर्ला पण त्यांच्याचकडे आहे, आधी विचारून जा.

फोंडेकर_क्लिक
देव बरें करूं सगळ्यांचं. काल माशेलला जाऊन आलो म्हणून लिहितोय.

बॅग घरून निघताना ३ किलो २००. ट्रायपॉड, लॅपटॉप, फ्लॅश आणि ते ३० वस्तूंचं किट घरी. किटातला लेन्सपेन (काच साफ करायचं पेन) तेवढा कामाचा निघाला, बाकी भाच्याने खेळायला घेतलं. बुरशीची लेन्स रिपेअरला दिलीय, काठालाच होती म्हणाला, निघेल. त्यामुळे १८-१४० एकच होती आणि खरं सांगायचं तर बरंच झालं, त्या चिखलात लेन्स बदलायचा प्रश्नच नव्हता.

देवकीकृष्णाच्या देवळासमोर तेल लावलेली पोरं चिखलात उतरली आणि मी कडेला उभा होतो, मला वाटलं इतक्या लांब काय येतंय, तर पहिला गोळा पाच मिनिटांत हूडवर. हूड होतं म्हणून काच वाचली, लग्नवाले दादा तुमचे उपकार. बॉडीला आंघोळीची टोपी होती, तिला भोक पाडून व्ह्यूफाइंडर बाहेर काढला आणि ती टेपने चिकटवली. चिखल पुसायचा नाही, वाळू द्यायचा, मग फुंकणी, हे घरी आल्यावर नीट केलं. दोन कपडे ठेवले होते, एक मात्र शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी तोंड पुसायला मागितला आणि मी दिला. कुठला दिला ते नंतर कळलं.

काचेचा होता.

चोडणकर
आता तो बॉडीचा झाला. नवा घे.

बेडूकप्रेमी
फोटो टाक की रे आधी.