वर्डलसारख्या मराठी खेळासाठी तीन अक्षरी शब्दांची यादी कशी करायची?

कोडंवाली:
इंग्रजी वर्डलसारखा तीन अक्षरांचा रोजचा एक शब्द ओळखायचा खेळ बनवतेय, टाकलेलं प्रत्येक अक्षर किती बरोबर ते रंगानं कळतं. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आहे, त्यातून शब्द काढले, पण आता यादी बघून गोंधळ उडालाय. कितीतरी शब्द कधी ऐकलेलेच नाहीत, 'करणें' 'बोलणें' असं जुनं लेखन आहे आणि प्रोग्राम 'स्त्री'ची सहा अक्षरं मोजतोय! काय ठेवायचं काय काढायचं?

मधली_सुट्टी:
मोजणीचं आधी सांगतो. 'स्त्री'त स, हलन्त (पाय मोडायची खूण), त, हलन्त, र आणि वेलांटी असे संगणकाचे सहा कोड आहेत, म्हणून सहा. जोडाक्षर अख्खं एक धरायचा नियम युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर लिपी साठवायच्या मानकात, २०२३ ला, १५.१ आवृत्तीत आला, प्रोग्रामिंगच्या जुन्या तयार लायब्ररी अजून हलन्तापाशी तोडतात, तेव्हा मोजणारा प्रोग्राम स्वतःच लिहा. आणि 'वऱ्हाडी' नक्की तपासा, तो ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो, दिसतो सारखाच पण कोड वेगळे, त्यामुळे बरोबर उत्तरसुद्धा चूक ठरेल. यादी आणि खेळणाऱ्याचं टायपिंग दोन्ही एकाच रूपात आणा.

शेजारचा_बाक:
याद्या दोन ठेवा, एक टाइप केले तर चालणाऱ्या शब्दांची आणि एक उत्तरांची. मूळ वर्डलमध्येही तेच आहे, पाच अक्षरी इंग्रजी शब्द सुमारे १२,००० होते, तो बनवणाऱ्या जॉश वॉर्डलच्या जोडीदार पलक शाह यांनी त्यातले ओळखीचे निवडले तेव्हा उत्तरं साधारण २,५०० उरली. मोल्सवर्थ पहिल्या यादीत राहू द्या, 'करणें'सारखे जुन्या लेखनातले अनुस्वार तेवढे काढून. मराठीत खरी अडचण क्रियापदांची आहे बघा, करणे बसणे उठणे पळणे चालणे बोलणे, तीन अक्षरांत ही एवढी आहेत की सगळी उत्तरांत घेतलीत तर लोक शेवटी णे टाकूनच सुरुवात करतील आणि खेळातली मजाच जाईल. मी तर उत्तरांत क्रियापद महिन्यातून एखादंच देईन. टाइप करताना मात्र करणे आणि करणं दोन्ही चालू द्या, माणसं बोलतात तसंच लिहितात.

वर्धेकर:
उत्तरं निवडायला फक्त पुण्यामुंबईची माणसं घेऊ नका ही कळकळीची विनंती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, घराघरात. नागपूर, कोल्हापूर, सिंधुदुर्ग असे वेगवेगळ्या ठिकाणचे चारपाच जण बसवा, ज्याला जो शब्द माहीत त्यावर त्यानं खूण करायची, बहुतेकांची खूण असेल तो उत्तरात, बाकी चालणाऱ्यांत. जातींची नावं आणि शिव्या मात्र उत्तरांतून हातानं काढा, जुन्या कोशात खूप आहेत. टेबल, बटाटा बिनधास्त ठेवा.

कोडंवाली:
खूप आभार सगळ्यांचे, दोन याद्यांचं आजच करते. अजून एक, उत्तरात 'ला' असेल आणि कोणी 'ल' टाकला तर रंग कोणता?

मधली_सुट्टी:
त्याला वेगळाच रंग द्या, व्यंजन बरोबर पण मात्रा चुकली असा. नाहीतर बाराखडीभर चाचपडत बसावं लागेल.