.३१५ रायफल सकाळी अडकते, दुपारी नीट चालते. कारण काय असावं?

केरी-सत्तरी:
बाबांची ईशापूर कारखान्याची .३१५ रायफल आता माझ्या नावावर आहे. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घेतली होती. ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर व्हायला बरेच हेलपाटे घालावे लागले. घरचे म्हणतात विकून टाक. मला विकायची नाही. महिन्यातून एकदा रेंजवर नेते.

अडचण अशी. पहिलं काडतूस नीट आत जातं. दुसऱ्याला बोल्ट (काडतूस आत ढकलणारा हाताचा दांडा) पुढे ढकलला की तो काडतुसावरून नुसताच सरकतो, चेंबर, म्हणजे नळीच्या मागचं काडतुसाचं घर, रिकामं राहतं. मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पेटीत, डोकावलं तर काडतूस खालीच बसलेलं, तिरकं. मॅगझिन काढून तळहातावर आपटलं की टुपकन वर येतं. कधी उलटं होतं: बोल्ट अर्ध्यावर रुततो, पुढे जात नाही आणि मागेही येत नाही.

पावसाळ्यात काही त्रास नव्हता, दिवाळीनंतर सुरू झाला. त्यातही सकाळी सातला गेलं तर हमखास, अकराला गेलं तर बहुतेक नाहीच. चार वेळा वहीत टिपून ठेवलंय, म्हणून खात्रीनं सांगते. एका दुकानात दाखवली, त्यांनी न उघडताच "मॅगझिन नवं घ्या" म्हणून सांगितलं.

फोंड्याचा नेमबाज:
आधी हे सांगा, .३१५च आहे ना? .३०३ दिसायला तशीच असते, पण ती प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या मापात) येते. .३१५च असेल तर मला स्प्रिंगचा संशय आहे. वडील मॅगझिन भरून ठेवायचे का?

केरी-सत्तरी:
.३१५च. परवान्यावर तसं लिहिलंय आणि नळीवरही. बाबा भरून कधीच ठेवत नसत. रायफल एका कपाटात, काडतुसं दुसऱ्या कपाटात चामड्याच्या पट्ट्यात. मीही तसंच ठेवते.

निवृत्त आर्मरर, डिचोली:
ताई, बाकी सगळं नंतर. तेल कुठलं घालता?

केरी-सत्तरी:
खोबरेल, आमच्याच माडांचं. बाबांची मशीनच्या तेलाची बाटली संपली, तेव्हापासून तेच. पावसात गंज धरू नये म्हणून मॅगझिनमध्येही सढळ हातानं घातलं होतं.

निवृत्त आर्मरर, डिचोली:
मग तुमच्या वहीनंच उत्तर दिलंय. २४ अंशांच्या खाली खोबरेल थिजतं. थंडीत न्हाणीतली बाटली उन्हात ठेवतो ना आपण, तेच तुमच्या मॅगझिनच्या आत चाललंय. सत्तरीतली पहाट डोंगराखालची, गार. प्लॅटफॉर्म, म्हणजे काडतुसं वर उचलणारी ती पट्टी, थिजलेल्या तेलात रुतते. वरचं काडतूस उडालं की खालच्यानं लगेच वर यायला हवं, ते येत नाही. अकरापर्यंत ऊन चढतं, तेल पातळ होतं आणि रायफल शहाणी होते. स्प्रिंगला दोष देऊ नका.

कोतात, म्हणजे फौजेच्या शस्त्रागारात, माझी नोकरी .३०३वरच गेली. तुमची .३१५ त्याच ली-एनफिल्ड रायफलीच्या बांधणीवरची आहे, फक्त काडतूस वेगळं, जुन्या ८ मिलिमीटर मानलिखर रायफलीचं. त्यामुळे आजारही तेच.

रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा, मग बोट घालून बघा. मॅगझिन काढा. प्लॅटफॉर्म मागच्या बाजूनं खाली दाबला की पुढचं टोक वर येतं आणि स्प्रिंगसकट बाहेर निघतं. जोर लावू नका. सगळं रॉकेलनं धुवा, नाहीतर टर्पेंटाइननं. कोपऱ्यांत दातांचा जुना ब्रश फिरवा. सुकलं की शिलाई मशीनच्या तेलाचं बोट नुसतं पुसल्यासारखं फिरवा. त्याहून जास्त नको. चेंबर तर गोळी झाडण्याआधी कोरडंच हवं. तिथं तेल असलं तर पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

बोल्ट अर्ध्यावर रुततो तो वेगळा आजार. या काडतुसाच्या बुडाला कड असते. भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. मागे राहिली तर ती खालच्याला ओढत नेते आणि दोन्ही अडकतात. रुतलं की बोल्टवर ताकद काढू नका. नळी निशाण्याकडेच ठेवा आणि आधी मॅगझिन खाली काढा.

धुऊनही बोल्ट काडतुसावरून सरकला, तर रेंजवर एकदा मॅगझिन खालून हातानं वर दाबून धरा. तेवढ्यानं चालली तर मॅगझिन जागी धरून ठेवणारा खटका झिजलाय. तेव्हा परवानाधारक कारागिराकडे जा. मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतुसं अडवून धरणाऱ्या वरच्या कडा, मात्र पक्कडीनं कोणालाही वाकवू देऊ नका. चांगली मॅगझिन त्यातच वाया जाताना मी पाहिली आहेत.

केरी-सत्तरी:
काका, काल रात्री उघडलं. तळाशी पिवळट मेणासारखा थर होता, त्यात पट्ट्याच्या चामड्याचा भुगा. नखानं खरवडला तर सोलून आला. प्लॅटफॉर्म दाबून सोडला तर सावकाश, दमल्यासारखा वर यायचा. धुतल्यावर खाडकन येतो.

आज सातलाच गेले, मुद्दाम. धुकं होतं. पाचही काडतुसं एकामागून एक गेली. दुसऱ्यांदा भरताना एक कड मागे राहिलेली दिसली, काढून पुन्हा बसवली. बाबा प्रत्येक काडतूस भरताना अंगठ्यानं पुढे सरकवून मग दाबायचे. ती त्यांची सवय आहे असंच मला वाटायचं.

एक विचारायचं राहिलं. पट्ट्यातल्या सात-आठ काडतुसांच्या पितळेवर हिरवा थर चढलाय. पुसून वापरू?

निवृत्त आर्मरर, डिचोली:
नको. चामड्यातल्या आम्लानं पितळ हिरवं होतं, तेही ओल्या हवेत. थराखाली पितळ खाल्लेलं असू शकतं. घासू नका, चिंच तर अजिबात लावू नका. वेगळी काढा, परवान्यावरच्या नोंदीप्रमाणे मोजा आणि विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात विचारून रीतसर जमा करा, पोचपावती घेऊन. बाकीची पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. पट्टा बाबांची आठवण म्हणून भिंतीवर टांगा, रिकामा.