पोर्ट लुई: बाबांना घेऊन जावं का?

रामबागची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी जरा सविस्तर सांगते.

डिसेंबरात आम्ही तिघं, मी, नवरा आणि मुलगी, मॉरिशसला जाऊन आलो. इंदूरहून मुंबई आणि तिथून सहा तासांचं विमान. बहुतेक लोक उतरले की थेट समुद्रकाठच्या रिसॉर्टवर जातात. मी मात्र हट्टाने पहिले दोन दिवस राजधानीत, पोर्ट लुईला ठेवले. लहानपणापासून बाबांकडून ऐकत आलेय की तिथे मराठी माणसं आहेत, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून गेलेली, आणि गणेश चतुर्थीची तिथे चक्क सरकारी सुटी असते. आमचे खापरपणजोबा होळकरांच्या नोकरीत इंदूरला आले. पुण्याच्या लग्नात अजूनही कुणीतरी म्हणतंच, "तुमच्या मराठीला हिंदीचा वास येतो हो." म्हणून आमच्याहून कितीतरी लांब गेलेल्या त्या मराठीला मला एकदा भेटायचं होतं.

शनिवारी दुपारी पोचलो. सामान टाकून बाहेर पडलो तर दुकानांची शटरं खाली येत होती. संध्याकाळी सहा वाजता अख्ख्या रस्त्यावर आम्ही तिघंच. बंदराजवळच्या कॉडन वॉटरफ्रंटवर तेवढे दिवे आणि माणसं. आपल्याकडे इंदूरला सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाली की खाणाऱ्यांची खरी गर्दी सुरू होते. थंडीत रात्री बाराला गराडू खाणारी माझी मुलगी विचारत होती, "आई, ही राजधानी आहे ना?" मला उत्तर देता आलं नाही.

रविवार त्याहून वाईट गेला. हॉटेलच्या काउंटरवर विचारून निघालो होतो, आप्रवासी घाट, म्हणजे हिंदुस्थानातून आलेले मजूर बोटीतून जिथे उतरायचे ती जागा, आज उघडा आहे ना? "हो, हो" म्हणाले. भर उन्हात चालत गेलो तर फाटकाला कुलूप. पाठीशी डोंगरांची भिंत, वाऱ्याची झुळूक नाही, अंगाला कपडे चिकटलेले. परत येताना टॅक्सीवाल्याने दुप्पट पैसे घेतले. त्या रात्री मी रागाने नवऱ्याला म्हटलं, इथे यायला नको होतं.

सोमवारी सकाळी तेच शहर ओळखू येईना. सेंट्रल मार्केटमध्ये लिचीचे घोस टांगलेले, मुठीएवढे अननस देठाला धरून सोलून देत होते. कोपऱ्यावर दालपुरीची गाडी. पुरणपोळीतला गूळ काढून टाकला आणि डाळीला हळद-जिरं लावलं तर काय होईल, तशी ही दालपुरी. आत मोठ्या वालांची रस्सा-उसळ, टोमॅटोची चटणी आणि मिरची. कागदात गुंडाळून जोडीनेच देतात. मुलीने दोन जोड्या खाल्ल्या. वर अलुदा प्यायली, म्हणजे सब्जा घातलेलं गार दूध, आपल्या फालुद्याच्या जवळचं.

मग घाट. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसं हिंदुस्थानातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, इथे उतरली, मुख्यतः उसाच्या मळ्यांसाठी. जुन्या डेपोचा थोडाच भाग उरलाय, शेजारून मोठ्या रस्त्यावर गाड्या धावत असतात. पण त्या सोळा दगडी पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला माणूस त्या चढून आत यायचा. कडेला दवाखान्याच्या भिंती, आंघोळीच्या जागा. माझ्याच्याने बोलवेना. मुलगी पायऱ्या मोजत होती, तीही तेराव्या पायरीला गप्प झाली.

तिथे एक गृहस्थ भेटले, पन्नाशीचे. आधी फ्रेंचसारखं काहीतरी बोलले, ती त्यांची क्रिओल, तिथली रोजची बोली. मग हिंदीत विचारलं, कुठून आलात? मी मराठी म्हटल्यावर चेहराच बदलला. आईच्या बाजूने ते मराठी. मराठी बोलता येत नाही, घरात क्रिओलच. पण गणपतीची आरती त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, एक अक्षर न चुकता म्हटली. म्हणून झाल्यावर मला विचारलं, "ह्याचा अर्थ काय?" मी तिथे उन्हात उभी राहून एकेक ओळ हिंदीत सांगितली. माझ्या मुलीलाही त्यातल्या अर्ध्या ओळींचा अर्थ तेव्हाच कळला.

आता प्रश्न. बाबा ७९ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. समुद्रकिनाऱ्यात त्यांना रस नाही, त्यांना घाटच बघायचाय. पण ते ऊन, ती बंद दारं, ती दमछाक आठवली की धीर होत नाही. न्यावं का? कसं न्यावं?

जुना_नारायणबागकर

ताई, जरूर न्या. मी कामानिमित्त तिथे सव्वादोन वर्षं होतो, क्यूरपिपला राहायचो. तुमच्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर आहे, तिला सांगा. १८६६-६७ मध्ये पोर्ट लुईत मलेरियाची भयानक साथ आली. त्याच्या जेमतेम दोन-तीन वर्षं आधी बेटावर रेल्वे सुरू झाली होती. ज्यांना परवडलं ते वरच्या पठारावर राहायला गेले आणि कामापुरते खाली शहरात येऊ लागले. क्यूरपिप, कात्र बोर्न, रोझ हिल ही गावं त्यातूनच वाढली. साथ गेली, रिवाज राहिला. म्हणून पाच वाजले की शहर रिकामं होतं.

तेव्हा तुम्हीही तेच करा, मुक्काम वर ठेवा. क्यूरपिप साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, डिसेंबरातही रात्री पांघरूण लागतं. पावसाचा मात्र भरवसा नाही, छत्री हवीच. २०२२ पासून मेट्रो थेट क्यूरपिपपर्यंत जाते, बरीचशी त्या जुन्या रेल्वेच्याच वाटेने. मंगळवार-बुधवार धरा, सकाळी नऊला खाली उतरा, पहिला घाट. काकांना त्राण असेल तर कॉडनला ब्लू पेनी म्युझियम. १८४७ ची दोन टपाल तिकिटं आहेत तिथे, एक पेनीचं तांबडं आणि दोन पेन्सचं निळं. उजेडाने रंग उडू नये म्हणून खरी तिकिटं तासातून काही मिनिटंच दाखवतात, ती वेळ आधी विचारून घ्या. एकपर्यंत परत वर. जेवून झोपू द्या त्यांना.

मालवा_मेल

माझं मत वेगळं आहे. पोर्ट लुईला अर्धा दिवस पुष्कळ झाला. ऊन, गर्दी, फुटपाथ उंच-सखल. ७९ वर्षांच्या माणसाला पँपलमूसच्या बागेत न्या, सावली आहे, परातीएवढाल्या पानांची कमळं आहेत. घाटाचे फोटो घरी दाखवता येतील.

रामबागची_लेक

@मालवा_मेल, काळजीने लिहिलंत, पण फोटो मी दाखवलेत. त्यावरच तर ते हटून बसलेत.

लोकमान्यनगरची_सून

ताई, माझं माहेर राजापूरचं, त्यामुळे हा धागा तीनदा वाचला. आमच्या गावाकडची जाखडी तिथले मराठी लोक अजून नाचतात, ते तिला झाकरी म्हणतात. शब्द थोडा घासला, ठेका तोच.

माझं ऐका, डिसेंबरात नेऊच नका. भाद्रपदात न्या. मे ते ऑक्टोबर तिथे थंडी, कोरडी हवा. चतुर्थीच्या चार-पाच दिवस आधी पोचा, म्हणजे घाट उघडा मिळेल आणि सणही पदरात पडेल. विसर्जनाला लोक मूर्ती घेऊन समुद्रावर आणि नदीवर येतात, ते बघायला काकांना खुर्ची टाकून बसवता येईल. मोकाला महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे गिरमिटियांच्या जुन्या नोंदी जपल्यात, नाव, वय, गाव, बोटीचं नाव. तिथे मराठी शिकवतातही. जायच्या आधी पत्र टाकून विचारा. एखाद्या मराठीच्या शिक्षकाशी काकांच्या दोन तास गप्पा झाल्या तर त्यांना दुसरं काही नको असेल.

रामबागची_लेक

खूप आभार सगळ्यांचे. नारायणबागकर काका, मलेरियाचं मुलीला वाचून दाखवलं, तिने शाळेच्या वहीत उतरवून घेतलं.

काल बाबांना सगळं सांगितलं. मुक्काम क्यूरपिपला, भाद्रपदात, मेट्रोने खाली. त्यांनी ऐकून घेतलं. ब्लू पेनी नको म्हणाले, पण मोकाच्या पत्राचा मजकूर ते स्वतः लिहिणार आहेत, मराठीत आणि इंग्रजीत. मग एकच विचारलं, त्या पायऱ्यांना हात लावू देतात का? मी लावला नव्हता, कुणाला विचारलंही नव्हतं. तुमच्यापैकी कुणी लावलाय का?